मांजरपाल्याची पारख

मावशींनी पहिल्या पिशवीची नाडी सोडली, तिचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं आणि मांजरीच्या पिल्लापुढे धरलं. पिल्लू आलं. पिशवीच्या काठाशी त्याने नाक नेलं, एकदा शिंकलं, आणि मग जमिनीवर लोंबणाऱ्या नाडीवर असं काही तुटून पडलं की जणू सकाळपासून तीच त्याच्या वाटेला जात होती.

"अगं, आत बघ. आत," मावशी म्हणाल्या.

पिल्लाने आत बघितलं नाही. मावशींनी दुसरी पिशवी ओढली, मग तिसरी. माळ्यावरून उतरवलेल्या सहा पिशव्या मधल्या खोलीत भिंतीशी ओळीने उभ्या होत्या, जाड सुती कापडाच्या, कमरेइतक्या उंच, आणि सहाही पिशव्यांपुढे पिल्लाचं उत्तर एकच. सहावीला तर त्याने पाठच दाखवली आणि केरसुणीची एक काडी पळवून ते कपाटाखाली जाऊन बसलं. मावशी बुटक्या स्टुलावर तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी सगळ्या नाड्या पुन्हा बांधल्या. गाठी नेहमीपेक्षा घट्ट बसल्या.

पाला गेला होता. वर्षभराचा.

हे झाड पुदिन्याच्या कुळातलं. पानं करडसर हिरवी, कातरलेल्या कडांची, बोटांना लव लागेल अशी. दुकानातल्या पाकिटावर त्याचं नाव कॅटनिप असं छापलेलं असे. मावशींच्या घरात तीन पिढ्या त्याला मांजरपाला म्हणत आल्या होत्या, कारण मांजरं त्याच्यावर जीव टाकतात. गंमत अशी की जो पाला मांजराला वेड लावतो तोच माणसाला शांत करतो. कपभर कढत पाणी, चमचाभर पाला, वर बशी झाकायची आणि दहा मिनिटं थांबायचं. पाला पाण्यात उकळत ठेवला तर जे काय असतं ते वाफेबरोबर उडून जातं आणि नुसतं हिरवट पाणी उरतं. हा चहा झोप न लागणाऱ्याला द्यायचा, पोटात कळ आलेल्याला द्यायचा, तापात घाम फुटावा म्हणून द्यायचा, आणि घरात कुणाचं डोकं फिरलं असेल तर काही न बोलता त्याच्यापुढे नेऊन ठेवायचा. मुळीची गोष्ट वेगळी. मुळी चावली की मवाळ माणूससुद्धा भांडायला उठतो, असं मावशींची आई सांगायची. मावशींनी ती लहानपणीच चावली असणार असं त्यांच्या सुनेचं ठाम मत होतं, पण ते तिने फक्त नवऱ्याच्या कानावर घातलं होतं.

मावशींचं नाक एके काळी गल्लीत प्रसिद्ध होतं. ओंजळभर पाला नाकाशी नेला की तो कोणत्या वाफ्यातला, सावलीत वाळलेला की ऊन लागलेला, फुलं अर्धी उमलली असताना कापलेला की चार दिवस उशिरा, हे सगळं त्या डोळे मिटून सांगत. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना ताप आला. आठवड्याने ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. दूध करपून भांडं काळं पडलं, धुराने डोळे झोंबले, तेव्हा त्यांना ते कळलं. डॉक्टर म्हणाला, वास हळूहळू परत येईल. तो काही आला नाही.

ही गोष्ट मावशींनी मुलाला सांगितली नाही, सुनेला सांगितली नाही आणि दर वर्षी पाला घेऊन जाणाऱ्या दुकानदाराला तर नाहीच नाही. वास न येणाऱ्या बाईचा पाला कोण घेईल? आणि दुकानदाराने पाला घेणं थांबवलं की माळा गेलाच. गेल्या महिन्यात मुलगा टेप घेऊन माळ्यावर चढला होता. "तू कधी बंद केलंसच, तर इथे एक छान खोली निघेल," असं तो सहज बोलून गेला होता. मावशींना ते मुळीच सहज वाटलं नव्हतं. पन्नास वर्षं त्या माळ्यावर त्यांनी पाल्याच्या जुड्या उलट्या टांगल्या होत्या. शिडी चढता येईल तोवर माळा सोडायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

ही दोन वर्षं त्यांना तारलं ते महाराणीने. महाराणी म्हणजे पांढरी, वजनदार आणि कमालीची मानी मांजर. पिशवीचं तोंड उघडून धरलं की ती आधी दुरून हुंगायची. पाला पसंत पडला तर डोकं आत घालायची, मग खांदे, मग कमरेपर्यंत आत शिरून असा धिंगाणा घालायची की मावशींना तिला मागचे पाय धरून ओढून काढावं लागे. पाला हिणकस असला तर शेपूट ताठ करून चालती व्हायची. गेल्या वर्षी पत्र्याखाली तापलेली एक पिशवी तिने नाकारली आणि मावशींनी ती निमूटपणे परसातल्या खड्ड्यात ओतली. महाराणीचा शब्द शेवटचा. सव्वा महिन्यापूर्वी ऊन खात पडल्या पडल्या महाराणी गेली. सासूला करमेना हे बघून सुनेने शेजारच्या गल्लीतून हे काळं पिल्लू आणलं. त्याच्या डोक्यावर कसली जबाबदारी येऊन पडणार आहे, हे तिला कुठे ठाऊक होतं!

संध्याकाळी सून दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून आली. तिने पर्स खुंटीला लावली न लावली तोच मावशींनी आडून विषय काढला.

"जरा बघ गं, वास कसा वाटतो?"

सुनेने मूठभर पाला नाकाशी नेला. "छान आहे की."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान. नेहमीसारखा."

"परवा त्या करपलेल्या भाजीलाही तू छानच म्हणालीस."

"ती तुम्ही केली होती, आई."

मावशींनी पुढे विचारलं नाही. वास येणं वेगळं आणि वास कळणं वेगळं, आणि या मुलीला तर कुणाला वाईट म्हणायचं जिवावर येतं. तिच्या 'छान'वर सहा पिशव्या कशा सोडायच्या?

तशाच सोडून दिल्या असत्या तरी कुणाला काय कळलं असतं म्हणा. दुकानदाराने पाकिटं भरली असती. पाकीट घेणाऱ्याने रात्री कपावर बशी झाकून दहा मिनिटं वाट बघितली असती, चहा पिऊन अंथरुणावर पडला असता आणि मग टक्क जागा राहिला असता. त्याने पाल्याला दोष दिला नसता. माझंच डोकं ताळ्यावर नाही, असं म्हणून स्वतःवरच वैतागला असता. मावशींना तो माणूस दिसत होता. त्याला फसवून त्यांना माळा टिकवायचा नव्हता.

बुधवारी सकाळी मुलगा आणि सून कामाला गेल्यावर मावशींनी पदर खोचला. पिशव्या जड नव्हत्या, पण अवजड होत्या. एकेक ओढत मागच्या दारापर्यंत न्यायची, पायऱ्यांवरून घरंगळू द्यायची आणि परसाच्या टोकाला भिंतीलगतच्या खड्ड्यात रिकामी करायची. खड्ड्यात भाज्यांची सालं होती, राख होती. पाच पिशव्या ओतून झाल्या तेव्हा दुपार झाली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून मावशी खड्ड्यात उतरल्या आणि पाला पायांनी चांगला तुडवला. कोरडी पानं पायांखाली चुरचुरत होती. वर्षभराचं पाणी घालणं, वाफे भांगलणं, शिडीवरची चढउतार, सगळं त्या पायांखाली होतं. पण त्या थांबल्या नाहीत.

सहावी पिशवी न्यायला घरात आल्या, तर दारात सून. दवाखान्याला अर्धा दिवस सुट्टी होती.

"आई, पिशव्या कुठे गेल्या?"

"खड्ड्यात. पाला बिघडलाय या वर्षी."

"कुणी सांगितलं?"

"मला कळतं," मावशी म्हणाल्या. कपाटाखालून दोन हिरवे डोळे बघत होते, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

सुनेने सहावी पिशवी भिंतीला टेकवली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून ठाण मांडलं.

"ऊठ. मला अजून एक खेप आहे."

"नाही उठणार. ही घरच्या चहाला ठेवते."

"मेलेल्या पाल्याचा चहा पिणार?"

"पिईन. तुम्ही मला बोललात ना, की मी हाच चहा करून पिते. आठ वर्षं झाली. कधी लागू पडतो आणि कधी नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे."

हे मावशींना नवीन होतं. त्या सुनेकडे बघत राहिल्या. मग खोचलेला पदर सोडून त्या हात धुवायला गेल्या.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला दुकानदार आला. हा माणूस इतकं मोजून बोलायचा की बाजारात त्याला मौनीबाबा म्हणत. त्याने हातगाडी दाराशी लावली आणि नेहमीसारखी मान हलवली. मावशी उंबऱ्यातच उभ्या होत्या. काय बोलायचं ते त्यांनी पहाटेच घोकून ठेवलं होतं, आणि आवाज कापू द्यायचा नाही हेही.

"भाऊ, या वर्षी माल नाही. पाला बिघडला. तुम्ही दुसरीकडे बघा. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बोलू."

"बघू," दुकानदार म्हणाला.

"बघायला काही उरलं नाही. एक पिशवी आहे, ती घरची."

"तीच बघू."

आता दारात आलेल्या माणसाला काय अडवायचं? मावशी बाजूला झाल्या. दुकानदाराने गुडघ्यावर बसून गाठ सोडली, त्याला बराच वेळ लागला. मूठभर पाला घेऊन तो खिडकीशी गेला आणि उन्हात तळहातावर पसरून बोटाने इकडेतिकडे करू लागला. पुन्हा पिशवीत हात घातला, कोपरापर्यंत, अगदी तळातून दुसरी मूठ काढली, ती पसरली. मग तिसरी. नाकाशी त्याने पाला एकदाही नेला नव्हता.

"काय शोधताय?" मावशींनी न राहवून विचारलं.

"केस."

"कसला केस?"

"पांढरा. मांजरीचा." त्याने हात झटकले. "दोन वर्षं तुमच्या प्रत्येक पिशवीत निघतो. यात नाही."

मावशींची कानशिलं तापली. दर वर्षी चष्मा लावून, एकेक केस वेचूनच त्या पिशव्या बांधत असत.

"पहिल्यांदा निघाला तेव्हा मी चिडलो," दुकानदार म्हणाला. एका दमात तो एवढं बोलल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "गिऱ्हाइकाच्या कपात गेला असता म्हणजे? तडक इथे आलो, भांडायला. दार उघडंच होतं. तुम्ही या स्टुलावर बसला होता. मांजर कमरेपर्यंत पिशवीत, आणि तुम्ही तिच्याकडे अशा बघत होता... परीक्षेचा निकाल ऐकायला बसतात ना, तशा. मी तसाच मागे फिरलो."

"मग बोलला का नाहीत?"

"पाला चांगला होता." त्याने खांदे उडवले. "तेव्हापासून केस निघाला की तो काढून टाकतो आणि समजतो, ही पिशवी तपासलेली आहे."

गुरुवारी दवाखाना उशिरा उघडे, म्हणून सून घरीच होती; कपांचा ट्रे घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती. मावशींनी तिच्याकडे बघितलं. दोन वर्षं जे वाक्य त्यांनी दाताखाली धरून ठेवलं होतं, ते त्यांना आता धरवेना.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "तो ताप आला तेव्हापासून. कशाचाच येत नाही."

सुनेने ट्रे हलकेच टेबलावर ठेवला.

"महाराणी होती तोवर निभावलं," मावशी पुढे म्हणाल्या. "आता ती नाही. आणि ही बया एकाही पिशवीत डोकं घालायला तयार नाही. सहाच्या सहा नाकारल्या हिने."

दुकानदाराने कपाटाखाली वाकून बघितलं. "केवढी आहे ही?"

"अडीच महिन्यांची," सून म्हणाली.

मौनीबाबा हसला. तेही मोठ्याने.

"मावशी, एवढ्याशा पिल्लाला यातलं काय कळतंय! अहो, सहा महिने तरी होऊ द्या. माझ्या दुकानात तीन मांजरं लहानाची मोठी झाली. लहानपणी पाल्याच्या पोत्यावर झोपायची, ढुंकूनही बघायची नाहीत. महाराणी तुमच्याकडे आली तेव्हा केवढी होती?"

"मोठीच होती. कुणीतरी सोडलेली." मावशींचा आवाज एकदम खाली आला. त्यांच्या आईने घरात मांजर कधी फिरकू दिलं नव्हतं. जिथे मांजरपाला वाळवायचा तिथे मांजर पाळायचं कसं? पिल्लाची गोष्ट या घरात कुणालाच ठाऊक असायचं कारण नव्हतं. दुकानदाराने आता कुठे मूठभर पाला चुरून नाकाशी नेला होता.

"मावशी, हा उत्तम आहे."

"धीर देताय."

"मी कधी कुणाला धीर दिलाय?"

हे मात्र खरं होतं.

"आई," सून म्हणाली, "जरा मागे चला. सकाळी सालं टाकायला गेले होते. तुम्हाला सांगू की नको, कळत नव्हतं."

तिघंही परसात गेली. खड्ड्यात मांजरंच मांजरं होती. मावशींनी मोजली, आठ भरली. कोपऱ्यावरच्या बेकरीतला लठ्ठ तांबूस बोका चारी पाय वर करून राखेत लोळत होता. दोन मांजरी एकमेकींना ढकलत गाल घासत होत्या. एक म्हातारं, एका कानाचं मांजर पाल्यात तोंड खुपसून झोपलं होतं, अगदी समाधानाने.

मावशी खड्ड्याच्या काठाशी उभ्या राहिल्या. पाला जिवंत होता. त्यांचे हात चुकले नव्हते. वाफा, कापणी, माळा, सावली, काहीच चुकलं नव्हतं. आणि तो त्यांनी स्वतःच्या हातांनी ओतला होता, वर पायांनी तुडवला होता. रात्रीच्या दवाने पानं काळी पडली होती, सालं आणि राख त्यांत कालवली गेली होती. त्यातलं मूठभरही आता परत घेता येणार नव्हतं. त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी स्वतःचा रागही आला, आणि दोहोंतलं काय खरं ते त्यांना ठरवता येईना.

"एका पिशवीवर माझं वर्ष निघायचं नाही," दुकानदार हळूच म्हणाला.

"कशाला निघेल?" मावशी वळल्या. "ते बघा. झाडं उभी आहेत."

कापलेल्या बुंध्यांना वीतभर नवे फुटवे आले होते. मावशी वाफ्यापाशी गेल्या, एक शेंडा दोन बोटांत धरून त्यांनी त्याचा जाडपणा बघितला. "दीड महिन्यात दुसरी कापणी. थंडी पडायच्या आत. सहा नाही व्हायच्या, तीन होतील. घरातली ती पिशवी न्या, आणि वर या तीन."

"आणि तपासणार कोण? पिल्लू?"

मावशींनी सुनेकडे बघितलं. मग त्या घरात गेल्या, सहावी पिशवी ओढत मागच्या पायरीवर घेऊन आल्या, मूठभर पाला चुरला आणि सुनेपुढे धरला.

"सांग. आणि छान म्हणालीस तर बघ."

सुनेने डोळे मिटले. एकदा हुंगून झाल्यावर तिने पुन्हा खोल श्वास ओढला.

"आधी पुदिना," ती म्हणाली. "म्हणजे पुदिनाच नाही, त्याच्यापेक्षा जरा गोडसर. मग लिंबाची साल. आणि ते गेलं की मागून काहीतरी येतं... भिजलेल्या लाकडासारखं. कडवट."

मावशी ऐकत होत्या. दोन वर्षांनी त्यांना त्यांच्या पाल्याचा वास कुणीतरी सांगत होतं, आणि तो तोच होता, एकही गोष्ट कमी नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"ते लाकूड शेवटी येतं," त्या म्हणाल्या. "मला ते कळायला चार वर्षं लागली होती."

"मी आठ वर्षं पितेय, आई."

दुकानदाराने पिशवी उचलायला हात घातला.

"थांबा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पिशवी खड्ड्यापाशी नेली आणि तोंड फाकवून तांबूस बोक्यापुढे धरली. बोक्याने मान वर केली. आधी डोकं आत गेलं, मग खांदे, मग बोका कमरेपर्यंत आत, आणि पिशवी दोन्ही बाजूंनी हलायला लागली. मावशींनी त्याला मनसोक्त लोळू दिलं. मग मागचे पाय धरून बाहेर ओढलं, काठाला चिकटलेल्या केसांतला एक चिमटीत धरून नीट बघितला आणि परत पिशवीत टाकला. बाकीचे झटकून त्यांनी नाडी बांधली.

"या वर्षीचा तांबूस आहे," पिशवी दुकानदाराच्या हातात देत त्या म्हणाल्या. "पुढच्या तिन्हींतही असेल. बघून घ्या."